डाव्या गालावरचे व्रण

बुद्धप्रियाच्या डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत बारीक खड्डे होते. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या, असं आई सांगायची. सोलापुरात विम्याच्या कचेरीत नोकरीला लागून दहा वर्षं झाली, तरी काउंटरवर बसताना ती केस डाव्या बाजूला ओढून घ्यायची. छत्तिसाव्या वर्षी तिनं ठरवलं, आता बास.

डॉक्टरीणबाईंनी दिव्याखाली गाल बघितला. "भाजलं होतं का कधी?"

"नाही. कांजिण्या," ती ठामपणे म्हणाली.

बधिर करणारं मलम लावून त्यांनी लेझर फिरवला. गालावर रबरबँडसारखे फटके बसत राहिले आणि नाकात जळक्या केसांचा वास शिरला. उन्हात जायचं नाही, खपली ओढायची नाही, चार-चार तासांनी मलम लावायचं, असं बजावून आणि दोन महिन्यांनी पुन्हा लेझरला बोलावून त्यांनी घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी मदतीला म्हणून तिची आई पारूबाई टेंभुर्णीहून आली. बुद्धप्रियानं दार उघडलं तेव्हा तिचा गाल सुजून लालभडक झाला होता, डोळा अर्धा मिटला होता, कातडीतून पिवळसर पाणी पाझरत होतं. पारूबाईच्या हातातली पिशवी खाली पडली. तिनं चौकट धरली.

"आई, घाबरू नकोस. सुरुवातीला असंच होतं. आठ दिवसांत उतरतं."

"न्हाय उतरत," पारूबाई पुटपुटली. "तवा बी न्हाय उतरलं."

"तवा म्हणजे?"

पारूबाई मटकन उंबऱ्यातच बसली. "तुला कांजिण्या झाल्याच न्हाईत, बाय. म्या केलं त्ये."

बुद्धप्रियाला आधी नीट ऐकूच आलं नाही असं वाटलं.

"स्टँडाम्होरं आपला भज्यांचा गाडा हुता की. बाजाराचा दिस, लई गर्दी. तू सकाळपासनं पदर धरून किरकिर करत हुतीस. मला राग आला, हातातला झारा तसाच उगारला. नुसतं भ्या दावायचं हुतं गं. झाऱ्याला कडत तेल हाय, ह्ये ध्यानातच न्हाय आलं."

बुद्धप्रियाचा हात गालाकडं गेला आणि मध्येच थांबला. हात लावायचा नव्हता. शाळेत पोरं चिडवायची तेव्हा हीच आई मास्तरांशी भांडायला गेली होती. लग्नाच्या दोन स्थळांना हिनंच सांगितलं होतं, कांजिण्यांचे वण हायत, दुसरं काय न्हाय. बुद्धप्रिया आतल्या खोलीत गेली आणि तिनं कडी लावली.

दोन दिवस पारूबाई दाराबाहेर ताट ठेवत राहिली. तिसऱ्या दिवशी बुद्धप्रिया बाहेर आली.

"किती वर्षांची होते मी?"

"तीन."

"खूप रडले?"

पारूबाईनं मान हलवली. "न्हाय. एकदम गप झालीस. मग म्हैनाभर बोललीच न्हाईस. आन् परत कदी माजा पदर धरला न्हाईस."

बुद्धप्रिया भिंतीला टेकून खाली बसली. पारूबाईनं मलमाची ट्यूब उचलली, तेव्हा बुद्धप्रियानं ती तिच्या हातातून काढून घेतली. "मी लावते."

आठव्या दिवशी खपल्या गळून गेल्या. खाली कोवळी गुलाबी कातडी आली होती, खड्डे बरेच भरले होते. पारूबाईनं पिशवी भरली.

"पुढल्या बारीला येऊ का?" तिनं दारातून विचारलं.

नको म्हणायला बुद्धप्रियाची जीभ रेटेना. ये म्हणायलाही तोंड उघडेना. आई जिना उतरून गल्लीच्या कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली, तरी ती तशीच दारात उभी राहिली.