मळेवाडी वॉर्डातलं एक मत

थेरगावच्या डांगे चौकातून आत वळलं की आज जिथे बारा-बारा मजली इमारती उभ्या आहेत, तिथे एकेकाळी मळेवाडी नावाचा वॉर्ड होता. त्याला स्वतःच्या हद्दी होत्या, स्वतःचा नंबर होता आणि हक्काचा एक नगरसेवक होता. पुढे साहेब लोकांनी नकाशावर रेघा मारल्या, वॉर्ड जोडले, तोडले, आणि शेवटी चार-चार जणांचं पॅनेल आलं. यंदा सोपानरावांनी मशीनवर चार बटणं दाबली; त्या चौघांपैकी तिघांना त्यांनी फक्त फ्लेक्सवर हात जोडताना पाहिलं होतं. याला काय निवडणूक म्हणायचं?

सोपानराव त्या पुसल्या गेलेल्या वॉर्डाचे माजी नगरसेवक. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, पण कुणी 'मळेवाडी' म्हटलं की माणूस ताठ बसायचा. त्यामुळे नात अपेक्षा लॅपटॉप घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "आबा, सव्वीस जानेवारीला सोसायटीत कार्यक्रम आहे, मी आपल्या वॉर्डाच्या निवडणुकांवर वाचणार आहे," तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं.

मग काय, दोन दिवस आबांच्या तोंडाचा पट्टा थांबेना. भिंती चुन्यानं रंगवायच्या आणि वर निळीनं चिन्हं काढायची. पहाटे साडेपाचला कंपनीच्या बसथांब्यावर जाऊन उभं राहायचं, कारण पहिल्या शिफ्टचा माणूस एकदा बसमध्ये चढला की संध्याकाळपर्यंत हाती लागत नसे. लातूर-बीडकडून आलेल्यांच्या चाळीत शिरायचं, तर आधी त्यांच्या गावचं पाऊसपाणी विचारायचं. पहिल्या निवडणुकीत नानासाहेब कपबशीवर निवडून आले, सोपानराव छत्री घेऊन पडले. नानासाहेब म्हणजे त्यांचे शाळेपासूनचे मित्र, बांधाला बांध लागून असलेले. दोघांनी एकमेकांविरुद्ध फॉर्म भरले, पण एकमेकांच्या घरचा चहा काही सुटला नाही.

"आन आमच्यात एक रीत हुती," आबा म्हणाले. "ग्रामपंचायतीपासनं. आपलं मत आपल्याला द्यायचं न्हाई, समोरच्याला द्यायचं. पंगतीत कुणी आपल्याच ताटात आधी वाढून घेतं व्हय? दोघांनी संगट जायचं, एकमेकाला मत द्यायचं, आन भाईर येऊन भेळ खायाची."

अपेक्षा टाइप करता करता थांबली. "म्हणजे ब्याण्णवलासुद्धा? तुम्ही एका मतानं जिंकलात तेव्हा? सहाशे अकरा विरुद्ध सहाशे दहा?"

"व्हय," आबा म्हणाले.

"आबा, हे तर सगळ्यांत भारी आहे! याच्यावरच शेवट करते. 'एका मताची लढाई, तरी दोघांनी आपलं मत समोरच्याला दिलं.' नानाआजोबांना पहिल्या रांगेत बसवू."

पण त्या दिवशी सोपानरावांनी रीत मोडली होती.

पहिल्यांदा पडल्यापासून सहा वर्षं लोक त्यांना 'पडेल सोपान' म्हणत. लग्नात, दशक्रियेला, सलूनमध्येसुद्धा. ब्याण्णव साली मतपत्रिका हातात घेऊन ते पुठ्ठ्याच्या आडोशाला उभे राहिले, कपबशीवर शिक्का न्यायला हात उचलला, आणि तो हात छत्रीवर उतरला. बाहेर आले, नानासाहेब आणि त्यांच्या पत्नी यशोदाबाई यांच्यासोबत भेळ खाल्ली. नानासाहेबांनी त्यांचं मत छत्रीला दिलं होतं, याची त्यांना खात्री होती. तो माणूसच तसा. दुसऱ्या दिवशी तीनदा मतमोजणी झाली आणि तिन्ही वेळा एकाच मताचा फरक आला. सोपानरावांनी आपलं मत रीतीप्रमाणे दिलं असतं, तर तेच सहाशे अकरा आणि सहाशे दहा उलटे झाले असते. हा हिशोब त्यांनी चौतीस वर्षं एकट्यानं केला. हरलेल्या नानासाहेबांनी सगळ्यांच्या आधी येऊन त्यांना गुलाल लावला होता.

आता गप्प राहावं, तर आपलंच नातवंड माइकवर खोटं बोलणार, आणि तेही त्याच माणसाच्या तोंडावर. बोलावं, तर उरलेला एकुलता एक मित्र जाणार. सोपानरावांना त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी ते नानासाहेबांकडे गेले. नानासाहेब सोसायटीच्या बागेत बाकावर उन्हाला बसले होते. चार वर्षांपूर्वी यशोदाबाई गेल्यापासून त्यांची सकाळ इथेच जायची.

"नाना, ब्याण्णवला म्या माझं मत मलाच दिलं," सोपानराव उभ्याउभ्याच म्हणाले. बसले असते तर बोलणं झालं नसतं.

नानासाहेब म्हणाले, "आता कशाला सांगतुस?"

"पोरगी वाचणार हाय. खोटं वाचंल ती."

"खुर्चीचं मला काय न्हाई रं, सोपाना. ती तवाच इसरलो. पर यशोदा त्याच रातीला म्हणली हुती, सोपानभावजींनी शिक्का सवताला मारलाय, भेळ खाताना माझ्याकडं बघितलंबी न्हाई त्यांनी. म्या तिच्यावर वराडलो. दोन म्हैने बोललो न्हाई तिच्यासंगं. माझ्या दोस्ताला चोर म्हणती म्हणून. पुढं जल्मभर तिनं परत इषय काढला न्हाई. आता मी कुणाला जाऊन सांगू, तुजं खरं हुतं म्हणून?"

सोपानरावांना वाटलं होतं, शिव्या मिळतील, फार तर काठी बसेल. नानासाहेब उठले आणि मागे न बघता लिफ्टकडे निघून गेले.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. नानासाहेब आले होते. पहिल्या रांगेत नव्हे, अगदी मागे, गेटजवळच्या खुर्चीवर. अपेक्षाचं नाव पुकारलं गेलं तेव्हा सोपानराव तिच्यासोबत माइकपाशी गेले. शेवटचा परिच्छेद त्यांनी आदल्या दिवशी तिच्याकडून खोडून घेतला होता. त्या जागचा मजकूर त्यांच्या अक्षरात, त्यांच्याच खिशात होता. अपेक्षानं बाकीचं वाचलं, लोक निळीच्या चिन्हांवर हसले, बसथांब्यावर हसले, आणि मग तिनं माइक आजोबांकडे दिला.

"ब्याण्णव साली मी माझं मत मलाच दिलं," सोपानरावांनी वाचलं. "ती निवडणूक नानासाहेबांची होती. सबंध वॉर्डात हे एकाच बाईनं ओळखलं होतं, आणि माझ्यापायी तिच्याच घरात तिला खोटं ठरवलं गेलं. यशोदावहिनी, तुमचं खरं होतं."

शेवटी शेवटी आवाज पार खाली गेला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नव्या बिऱ्हाडांना तर काय चाललंय हेच कळेना. मागे नानासाहेब खुर्चीचा हात धरून सावकाश उभे राहिले. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"सोपाना, जोरात वाच," ते म्हणाले. "मागं ऐकू आलं न्हाई."

सोपानरावांनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्यानं.