तोरणाखालची पिकअप

आमच्या गुंजननं पोरांच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी नेला नाही, पिकअप नेली. बोटभर लांबीची, खेळण्यातली. आता सारं गाव वा वा करते, पण त्या दिवशी कोण काय बोललं ते माझ्या ध्यानात आहे.

गुंजन माझी नात, हेमेंद्रची पोरगी. तिला बाजारातल्या छोट्या लोखंडी गाड्या खोलायचा नाद. बुडाचा रिबेट, म्हणजे जोडखिळा, ड्रिलनं उडवते, वरचं टरफल वेगळं काढते, औषध लावून जुना रंग सोलते आणि नवं रूप देते. एकदा रंगाचा वास साऱ्या भाताला लागला, तेव्हा मी तिचा उद्धार केला. पण हात असा सुबक, माझ्यावरच गेली.

आमच्या दावणीला आता बैल नाही. मागल्या वर्षी ती मागून आणलेला नंदी घेऊन उभी राहिली, तर पोट्टे हसले. यंदा तिनं मनात घेतलं, आपल्या घरी जे राबते तेच तोरणाखाली उभं करीन. म्हणून धान वाहणारी आमचीच पिकअप छोटी करून बनवली. जाळीला बैलाच्या शिंगाची चकचकीत बेगड लावली. ताडपत्रीसाठी माझी छत्री कापली, मला न विचारता. काचेवर माझं नाव घातलं, शामकला. तेवढं वाचता येते मला.

शेवटी कानस घेऊन डावी बाजू खरडत बसली.

“अवो, चांगल्या गाडीले पोचा काऊन पाडून राहिली?”

“आजी, आपल्या गाडीले आहे ना.”

“मंग? फोटो काढताना कोणी आपला मस पुढं करते का?”

“हा धातू ठोकला तं तुटते, म्हणून खरडून राहिली.” म्हणजे माझं ऐकलंच नाही!

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली नंद्यांची रांग लागली. मंडळाचा अध्यक्ष बकाराम गुंजनपाशी येऊन थांबला.

“हे चालत नाही काकू. पोळा बैलाचा होये. गाडी बाजूले घ्या.”

गुंजननं गाडीची दोरी सोडली नाही. मी पदर खोचला.

“बैलाले कायले पुजते रे बकाराम? दिसते चांगला म्हणून?”

“राबते म्हणून.”

“मंग तुझं धान मंडीत कोण नेते? तुझी मिशी?”

लोक हसले. बकाराम लाल झाला. “नियम म्हणजे नियम, काकू.”

मी अजून निम्मीही बोलली नव्हती. तेवढ्यात गुंजननं गाडी उचलून त्याच्या डोळ्यांपुढं धरली.

“काका, डावी बाजू पाहा.”

बकारामनं चष्मा लावला आणि पोच्यावरून अंगठा फिरवला. मागून शेजारचा चैतराम ओरडला, “अरे, हा तं हिऱ्याचा पोचा होये!”

हिऱ्या बकारामचा बैल. मागल्या पावसाळ्यात त्याचं पोट फुगलं, तेव्हा हेमेंद्रनं त्याला पिकअपमधून तालुक्याला, गोरेगावच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. चढवताना हिऱ्यानं शिंग मारलं. तोच तो पोचा. बैल वाचला, आणि आदल्याच दिवशी मोठ्या पोळ्याला याच तोरणाखाली झूल घालून उभा होता.

 बकारामनं दोन नंदी सरकवले, पिकअप मधोमध ठेवली आणि स्वतःच्या बोटानं तिला गुलाल लावला. पहिलं बक्षीस पितळेची घंटी, ती गुंजनला मिळाली. गाडीपेक्षा घंटीच मोठी!

मग पोरं घरोघरी बोजारा, म्हणजे पोळ्याचा खाऊ-पैसा, मागायला निघाली. मी म्हटलं, “गुंजन, पहिला बोजारा बकारामच्या घरचा.” सारी वरात तिकडं. हिऱ्या अंगणातच बांधलेला. गुंजननं गाडी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं हुंगली, लांब जीभ काढली आणि टपापासून चाकापर्यंत चाटून काढली.

मी पदरानं गाडी पुसून बकारामच्या नाकाशी धरली.

“पाह्य! रंग निघाला का कुठं?”

“नाही काकू.”

“जोरानं सांग. गाव ऐकून राहिलं.”

“नाही निघाला काकू!”

निघणार कसा? आमच्या घरचं काम होये ते.