कात्री चटईवर

पडदेवाल्या मावशींना जमिनीवर बसता येत होतं, त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. घोडं अडायचं ते उठताना. आणि पडदे शिवणाऱ्या बाईला जमीन टाळून चालत नाही. आठ-आठ फुटांचं कापड टेबलावर मावत नाही. ते खाली अंथरायचं, गुडघ्यांवर सरकत खडूने खुणा करायच्या आणि कात्री चालवायची. चाळीस वर्षं मावशींनी हेच केलं. मग एका दुपारी कापड कापून झालं आणि मावशींना उठताच येईना. तास-दीड तास तशाच बसून राहिल्या. दार उघडं होतं म्हणून बरं. पडदे न्यायला आलेल्या गिऱ्हाईक बाईंनी बगलेत हात घालून त्यांना उभं केलं, आणि या बाईंच्या तोंडात तीळ भिजत नसल्यामुळे संध्याकाळच्या आत बातमी मावशींच्या मुलीपर्यंत पोचली.

मुलगी दुसऱ्या शहरात बँकेत मॅनेजर, आणि हट्टात आईच्या वरताण. दुसऱ्या दिवशी दारात हजर.

"बस्स झालं. माझ्याकडे चल."

"तुझ्याकडे येऊन काय करू? लिफ्टमधून वरखाली?"

"आणि इथे पडलीस तर?"

"पडले नव्हते. बसले होते."

बरीच वादावादी झाली. शेवटी मुलीने अट घातली. "तीन महिने देते. मी आले की माझ्यासमोर खाली बसायचं आणि कशालाही न धरता उठायचं. नाही जमलं तर मशीन विकायचं आणि सामान बांधायचं."

मावशी रागाच्या भरात हो म्हणून बसल्या. मुलगी गेल्यावर मात्र त्यांनी घरभर नजर फिरवली. या दोन खोल्या, खिडकीपाशी ते पायमशीन, दारात येऊन घाई करणारी गिऱ्हाइकं, एवढंच त्यांचं जग होतं. हे सुटलं की आपण मॅनेजरीणबाईंची आई म्हणून सोफ्याच्या कोपऱ्यात बसून राहणार, याची त्यांना खरोखर भीती वाटली.

मुलगी जाताना योगाची चटई ठेवून गेली होती आणि फोनवर व्हिडिओ शोधून दिले होते. व्हिडिओतली बाई हाडं घरी ठेवून आल्यासारखी वाकायची. मावशींनी पहाटे पाचचा गजर लावला. चार दिवस उठल्या. पाचव्या दिवशी फक्त गजर उठला. त्यानंतर चटई गुंडाळून कपाटामागे गेली आणि 'उद्यापासून नक्की' सुरू झालं. दहा दिवस असे गेल्यावर मावशी स्वतःवरच उखडल्या. साऱ्या गल्लीला वेळेवर पडदे देणारी बाई, आणि स्वतःला दिलेला शब्द मात्र हिला पाळता येत नाही!

तेव्हा त्यांनी शब्द देणं बंद केलं आणि कात्रीचा बंदोबस्त केला. कपाटामागची चटई मशीनशेजारी अंथरली, ती पुन्हा गुंडाळायची नाही. दिवसातलं शेवटचं कापड कापून उठताना कात्री चटईवरच सोडायची. सकाळी ती वाकून उचलावी तर कंबर तेवढी वाकत नव्हतीच. म्हणजे खाली बसल्यावाचून कात्री नाही, आणि कात्रीवाचून काम नाही. काम तर मावशींनी तापातही चुकवलं नव्हतं. आता खाली बसलोच आहोत तर म्हणून पाय लांब करून अंगठ्यांकडे हात न्यायचा, हातापायांवर येऊन मांजरीसारखी पाठ वर-खाली करायची, मग चार श्वास शांतपणे. पंधरा मिनिटांत आटपायचं.

उठताना मात्र डावा हात मशीनच्या लोखंडी पायावर जायचा. पहिल्या महिन्यात अख्खा पंजा लागायचा. दुसऱ्या महिन्यात दोन बोटं पुरली. मग एक. ते एक बोट काही सुटेना. त्याच्यावर भारही नसायचा, पण ते काढून उठायचा धीर होत नव्हता. पुढच्या आठवड्यात सोडू, पुढच्या आठवड्यात सोडू, करता करता तीन महिने संपले.

मुलगी आली तेव्हा मावशी एका घरी पडदे लावायला गेल्या होत्या. परतल्या तर खिडकीपाशी मोकळी जमीन.

"मशीन आतल्या खोलीत ढकललं!" मुलगी घाम पुसत म्हणाली. "एकटीने. योगाला ऐसपैस जागा नको का तुला? आणि कात्री काय खाली टाकून ठेवतेस गं? ड्रॉवरमध्ये ठेवली."

आता बोट टेकवायला मशीनच नव्हतं. पण पोरीने एवढ्या मायेने केलेलं, बोलणार काय?

"चल तर मग," त्या म्हणाल्या आणि चटईवर बसल्या.

पहिल्यांदा अर्ध्यावर आल्या आणि धप्पकन खाली. डाव्या हाताचं बोट हवेत मशीन शोधत होतं. दुसऱ्यांदा तेवढंही झालं नाही. मुलगी हात पुढे करून धावली. तिचा चेहरा पार उतरला होता. तिला जिंकायचं नव्हतंच, ती घाबरली होती, हे मावशींना तेव्हा कुठे दिसलं.

"हात मागे घे," त्या म्हणाल्या. "मला घाई नाही."

चार श्वास घेतले. मग त्या रोजच्यासारख्या हातापायांवर आल्या. उजवं पाऊल पुढे टाकलं, दोन्ही हात स्वतःच्याच गुडघ्यावर दाबले, आणि हळूहळू, कुरकुर करत उभ्या राहिल्या.

"गुडघ्याला धरलंस," मुलगी म्हणाली. सवयच ती.

"माझाच आहे तो. शेजारून मागून नाही आणला."

मुलगी हसली, मग तिने डोळे पुसले. "त्यात एवढं काय," म्हणत स्वतः बसून बघितलं. दिवसभर खुर्चीत बसणारं शरीर ते. दोनदा हिसके दिले आणि तिथेच राहिलं.

"आई, हात दे गं."

मावशींनी पाय रोवले आणि ओढलं. मॅनेजरीणबाई सगळ्या वजनानिशी वर आल्या. मावशींचे पाय जागचे हलले नाहीत.

सामान बांधायचा विषय दिवसभर कुणी काढला नाही. संध्याकाळी दोघींनी मिळून मशीन बाहेर आणलं. मुलगी जमिनीवरच्या जुन्या खुणांवर त्याचे पाय नीट बसवायला लागली.

"तिथे नको," मावशी म्हणाल्या. "पलीकडे सरकव हातभर."

"का? इथेच तर असायचं ना?"

"तिथे हात पोचतो."

मग ड्रॉवरमधून कात्री काढून ती चटईवर ठेवायला मावशी खाली बसल्या.