उजवा की डावा

आसिया ‘उजवा’ म्हणाली आणि पुढचं सगळं त्या एका शब्दावर झालं.

विचारणारा डॉक्टर काही वाईट नव्हता हो. मुंबईच्या इस्पितळात त्याने नवराबायकोला नीट समजावलं होतं. कवटीला भोक नाही, टाका नाही. अल्ट्रासाऊंडच्या लहरी बाहेरूनच मेंदूतल्या एका बारीक जागी एकवटायच्या, की हाताची थरथर थांबते. पण एका वेळी एकाच हाताची. दुसऱ्याचं पुढे बघू, जमेलच असं नाही. “मग कुठला हात करायचा?” त्याने जैनुद्दीनला विचारलं. जैनुद्दीनने बायकोकडे बघितलं, आणि ही बया पटकन बोलून मोकळी झाली.

आता थरथरायचे दोन्ही हात, हे खरं. पण माणूस पक्का डावखुरा. हर्णे बंदरातलं फाटकं जाळं त्याच्याकडेच यायचं आणि विणायची सुई चालायची डाव्या हातात. जेवण तेवढं उजव्याने, कारण लहानपणी आईने डाव्यावर पळी मारून मारून ती सवय लावलेली. हे काय आसियाला ठाऊक नव्हतं?

पण तिच्या डोळ्यांपुढे होतं लेकीचं, मनालचं लग्न. त्यांच्यात लग्नाला चारपाच जण एकाच मोठ्या ताटाभोवती बसून जेवतात. जैनुद्दीनचा घास तोंडाशी पोचेस्तोवर निम्मा भात शेजाऱ्याच्या पुढ्यात. मागे एका दावतीत शेजारचा माणूस हळूच उठून दुसऱ्या ताटावर गेला, तेव्हापासून हा कुठे जेवायला जात नसे. घरीसुद्धा आसियाने त्याचं ताट वेगळं केलं होतं. नाहीतर लग्न झाल्यापासून दोघं एकाच ताटात जेवायची. व्याह्यांसमोर शोभा नको, एवढंच तिला त्या घडीला सुचलं.

डोकं चकोट करून जैनुद्दीन यंत्रात जागाच पडून राहिला. आधी हलक्या लहरी सोडून बघितलं, उजव्या हाताने कागदावर गोल काढून घेतले, मग जोर वाढवला. बाहेर आल्यावर त्याने पाण्याचा ग्लास उजव्या हाताने उचलला आणि थेंबही सांडला नाही. आसिया आनंदाने रडली.

लग्न झकास पार पडलं. व्याह्यांच्या ताटात जैनुद्दीन राजासारखा जेवला.

मग हात बरा झाला असं ऐकून लोक पुन्हा जाळी घेऊन आले. डाव्या हातात सुई पूर्वीसारखीच थरथरत नाचायला लागली, आणि उजव्याला गाठ मारणं काही केल्या जमेना. सुई बोटात घुसली तशी त्याने जाळी परत पाठवली आणि पडवीत बसून नुसत्या होड्या बघू लागला. ते बघून आसियाच्या मनात यायचं, नवऱ्याचं काम आपण तोडलं, तेही चार लोक काय म्हणतील म्हणून. तिला स्वतःची लाज वाटायची.

शेवटी एका दुपारी जेवण वाढून ती पडवीत त्याच्यापुढे जाऊन बसली.

“चुकलं माझं. तुम्हाला डावाच बरा करायला हवा होता. मी व्याह्यांपायी उजवा म्हटलं. पण तुम्ही का नाही बोललात?”



“व्याह्यांपायी होय,” जैनुद्दीन म्हणाला. “मला वाटलं, तुला परत माझ्यासंगती जेवायचंय.”

आसियाला वर बघवेना. आत तिने दोन ताटं वाढून ठेवली होती, रोजच्यासारखी, वेगवेगळी.