रूपासाठी वेगळं

“हे ते नाय,” रूपा म्हणाली आणि चमचा वाटीत ठेवून दिला.

पदराला हात पुसता पुसता केसरबाई थांबली. या एका वाटीसाठी तिनं सकाळपासून काय कमी खटपट केली होती? पडेगावातून रिक्षा करून छावणीच्या बाजारात गेली. जुनेदच्या दुकानात जाऊन टूनाचा डबा मागितला. जुनेदनं शिडीवर चढून वरच्या फळीवरचा डबा काढला, फडक्यानं धूळ झटकली आणि विचारलं, “मौसी, तेल में का होना, क्या पानी में का?”

“तेलातला दे.”

“दावत है क्या घर में?”

“दावत कशाची रे? लेकीला डोहाळे लागलेत.”

“डब्बे की मच्छी के?” जुनेद हसला. “बडे लोगां के डोहाळे हैं, मौसी.”

केसरबाईही हसली होती. लोकांच्या लेकी चिंचा मागतात, कवठ मागतात, फार तर भेळ मागतात. हिला पाचव्या महिन्यात थंडगार पास्ता आणि डब्यातला मासा आठवला. आठ दिवसांपूर्वी लासूर स्टेशनाहून, सासरहून तिचा फोन आला होता. “माय, फोडणीचा वास आला की पोटात ढवळतंय. तू मेजरसाहेबांच्या घरून मला ते आणायचीस ना, माशाचं आंबट आंबट? तेच खावं वाटायलंय.” डोहाळे मायेनं पुरवायचे असतात. नाही पुरवले तर लेकराची लाळ गळते असं म्हाताऱ्या म्हणतात, आणि केसरबाई आता स्वतःच म्हातारी व्हायला आली होती. तिनं लेकीला बोलावून घेतलं.

करायला तसं त्यात काही नव्हतं. पास्ता मीठ घालून उकडला, चाळणीत ओतला, वरून गार पाणी सोडलं. काकडी, कांदा, टोमॅटो बारीक चिरले. डबा फोडून मासा काट्याच्या चमच्यानं मोकळा केला. लिंबू पिळलं, मिरपूड भुरभुरली, कोथिंबीर टाकली आणि हलक्या हातानं कालवलं. मेजरसाहेबांच्या बायकोनं, नीरजा मॅडमनी शिकवलं होतं अगदी तसं. मेजरसाहेबांच्या बंगल्यावर केसरबाईनं बरीच वर्षं स्वयंपाक केला होता, आणि मॅडमचा धाकटा शंतनू तर शाळेतून आला की दारातूनच ओरडायचा, मावशी, पास्ता! हात अजून काही विसरले नव्हते.

“मीठ कमी पडलंय का?” तिनं विचारलं.

“मीठ बरोबर हाय गं. पण हे कसं सुटं सुटं लागायलंय. काकडी कचकच वाजतीय. तुझं कसं व्हतं, मऊ. खाली आंबट पाणी सुटलेलं असायचं. कांदा असा नाकात जायचा. आन् मासा कुठं, पास्ता कुठं, कळायचंच नाय.”

केसरबाईला त्याच क्षणी कळलं. ती उगाचच ओट्याकडे वळली.

“डबा येगळ्या कंपनीचा असंल,” ती म्हणाली.

“असंल,” रूपा म्हणाली. तिनं वाटीवर ताटली उपडी घातली. “राहू दे तिथंच. मी जरा पडते.”

लेक आत जाऊन आडवी झाली. केसरबाई भिंतीला टेकून बसली आणि त्या झाकलेल्या वाटीकडे बघत राहिली. लेकीनं जे मागितलं होतं, ते तिनं कधी रांधलंच नव्हतं. ते मेजरसाहेबांच्या टेबलावर आपोआप तयार व्हायचं. पोरं अर्धं खायची, अर्धं ठेवून खेळायला पळायची. “मासा आहे केसरबाई, उरलेलं ठेवू नका, टाकून द्या,” असं मॅडम बजावायच्या. केसरबाई ताटं उचलून मागं न्यायची, दाताखाली आलेलं तेवढं बाजूला सारायची आणि बाकीचं डब्यात भरायची. सगळी कामं उरकून घरी येईपर्यंत काकडी लोळागोळा झालेली असायची आणि डब्याच्या तळाला पाणी सुटलेलं असायचं. रूपा तो डबा चाटूनपुसून खायची.

एकदा, पहिली-दुसरीत असेल तेव्हा, रूपानं घास हातात धरून विचारलं होतं, “माय, हे उष्टं हाय का?” शाळेत कुणीतरी हिणवलं असावं. केसरबाईच्या तोंडातून झटकन निघून गेलं, “उष्टं कशाला असंल? मॅडम म्हणाल्या, आधी रूपासाठी वेगळं काढ, मग आमच्या पोरांना वाढ.” रूपाचं तोंड एवढंसं झालं होतं, ते केवढं फुललं! मग ते खोटं घरातलंच माणूस होऊन राहिलं. रूपानं ते मैत्रिणींना सांगितलं, नंतर सासरीही सांगितलं. तिची सासू लासूरला शेजारणीला सांगताना केसरबाईनं आपल्या कानांनी ऐकलं होतं, “आमच्या सूनबाईचा डबा मोठ्या साहेबाच्या घरी येगळा निघायचा.”

आणि नीरजा मॅडम काही वाईट बाई नव्हत्या. हेच तर केसरबाईला आज टोचत होतं. बदली होऊन त्या देहरादूनला गेल्या तरी अजून दर दिवाळीला न चुकता फोन करायच्या, रूपाची चौकशी करायच्या. ‘माझ्या पोरीसाठी मूठभर काढू का’ असं एकदा विचारलं असतं, तर त्या बाईनं दोन मुठी काढायला लावल्या असत्या. पण विचारायचं म्हणजे मागायचं आलं. मी कुणाकडं मागत नाही, हा केसरबाईचा मोठा तोरा होता. त्या तोऱ्यापायी तिनं पोरीला परक्या लेकरांच्या ताटातलं खाऊ घातलं होतं.

दुपारी उशिरा रूपा उठली. चूळ भरून आली आणि सहज वाटीवरची ताटली उचलून तिनं एक चमचा तोंडात घातला. मग दुसरा घातला.

“माय!” ती ओरडली. “आगं, हेच! हेच ते! आत्ता जमलं बघ!”

केसरबाई लगबगीनं वाटी उचलायला पुढं झाली.

“थांब, खात नाय सगळं. आधी व्हिडिओ काढू.” रूपानं मोबाईल हातात घेतला. “नीरजा मॅडमचा नंबर हाय ना तुझ्याकडं? त्यांना पाठवते. म्हणते, तुम्ही माझ्यासाठी वेगळं काढायला लावत व्हता, त्याचेच मला डोहाळे लागले. किती खूश होतील त्या!”

“त्यांना कशाला गं उगं…”

“उगं कसं? कोण करतं कुणाच्या पोरीसाठी एवढं? आन् मलाबी लागंल की रेसिपी. उद्या मला लेकराला करून घालायचंय. चल, बोल. पदर नीट घे.”

मोबाईलमागं लेकीचं तोंड हसत होतं. केसरबाई बोलू लागली. पास्ता कसा उकडायचा, गार पाणी का सोडायचं, मासा पिठासारखा बारीक करायचा नाही, लिंबाच्या बिया काढायच्या. बोलता बोलता तिला थोडी हिंमत आली. हे सगळं तिला येत होतं, यात कुठंच खोट नव्हती.

“आन् मग?” रूपानं विचारलं.

“मग झालं. खायचं.”

“असं कसं? सकाळी केलंस तवा नाय लागलं तसं. ठेवलं तवाच लागलं. माझ्या लेकराला अगदी तस्संच पायजे. किती वेळ ठेवायचं, ते सांग की.”

केसरबाईला तास-दोन तास म्हणून सुटता आलं असतं. पण रूपा तसंच करणार होती. आईनं सांगितलं म्हणून उद्या स्वतःच्या लेकरासमोर शिळं ठेवणार होती, आणि ‘तुझ्या आजीनं माझ्यासाठी वेगळं काढलेलं असंच असायचं’ म्हणून सांगणार होती. मोबाईलचा तो काळा ठिपका तिच्याकडे टक लावून बघत होता.

“शंतनूचं आन् त्याच्या बहिणीचं जेवण होईस्तोवर,” ती म्हणाली.

“म्हंजे?” रूपा अजून हसतच होती.

“म्हंजे त्यांनी ताटात टाकलेलं उचलून आणायचे मी. तुझ्यासाठी येगळं असं काय नव्हतंच, रूपा. मॅडमनं ते फेकून द्यायला सांगितलेलं असायचं.”

रूपाचा हात हळूहळू खाली आला. मोबाईल चालूच होता, फरशीचं चित्र घेत होता.

“उष्टं?”

“व्हय.”

“आन् मी विचारलं व्हतं तुला. मला याद हाय, मी विचारलं व्हतं.”

“व्हय.”

“मॅडमला मागायचं नाय का एकदा?”

“लाज वाटायची.”

“आन् उष्टं उचलायची नाय वाटली?”

“ते बघायला कुणी नसायचं,” ती म्हणाली.

रूपा उठली. दारातल्या ओट्यावर जाऊन पाठमोरी बसली. “मी सगळ्यांना सांगत हिंडले गं,” एवढंच ती म्हणाली, तेही रस्त्याकडं बघून. समोरून शाळेची पोरं चालली होती. भाजीचा गाडा येऊन, ओरडून पुढं निघून गेला. केसरबाईला जवळ जावंसं वाटलं, पण कोणत्या तोंडानं जाणार? दिवस राहिलेल्या पोरीला आपण आज रडवलं, तेही डोहाळे पुरवायला बोलावून, याचं तिला इतकं वाईट वाटलं, की माफ कर म्हणायचंही सुचेना. ती आपली जिथं होती तिथंच बसून राहिली.

बऱ्याच वेळानं रूपा आत आली. डोळे लाल होते. आईकडे न बघता तिनं वाटी पुढ्यात ओढली आणि खायला लागली.

“आगं, राहू दे ते,” केसरबाई कळवळली. “दुसरं करते. ताजं करते.”

“ताजं नको. पोटातल्याला हेच लागतंय, मी काय करू?”

केसरबाईनं मान खाली घातली. रूपा सावकाश, नीट चावून खात राहिली. वाटीच्या तळाशी दोन घास उरले तेव्हा ती थांबली.

“तू खाल्लंस का हे कधी?”

“मीठ बघायला तळहातावर घ्यायचे थोडं. बाकी उरायचं ते सगळं तुझ्यासाठी आणायचे.”

रूपानं वाटी आईच्या समोर सरकवली.

“घे,” ती म्हणाली. “माझं उष्टं हाय.”

केसरबाईनं वाटी दोन्ही हातांत घेतली. पास्ता मऊ पडला होता, कांदा नाकात जात होता. मीठ बरोबर होतं. लिंबू जरा जास्त झालं होतं. तिनं दोन्ही घास खाल्ले आणि वाटी कलती करून खालचं पाणीही पिऊन टाकलं.