वापर दिसला पाहिजे

शाळेच्या भांडाराची किल्ली ज्यांच्या कमरेला असायची, त्यांना अख्खी शाळा तोंडावर काका आणि पाठीमागे कुलूपकाका म्हणायची. आणि उगाच नाही हो! काही वर्षांपूर्वी शाळेला अनुदान मिळालं, त्यातून बँडचं सामान आलं. चकचकीत ट्रम्पेट, गुटगुटीत ड्रम. त्या दिवसापासून काकांनी ते असं काही जपलं, की एकाही पोराचं बोट त्याला लागलं नाही. दर आठवड्याला कुलूप काढायचं, मऊ फडक्याने एकेक वस्तू पुसायची, काकूंनी जुन्या चादरींचे शिवून दिलेले अभ्रे परत चढवायचे, की पुन्हा कुलूप. संगीताच्या बाई मागायला आल्या की उत्तर ठरलेलं, "ऑडिट झालं की देतो." ऑडिट म्हणजे अनुदानातून घेतलेली वस्तू जागेवर आहे ना, धड आहे ना, हे बघायला बाहेरून माणूस येणार. आता ते ऑडिटच येईना, त्याला काका तरी काय करणार?

मग एक दिवस पत्र आलं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी (उंचीने त्या काकांच्या खांद्यालाही लागत नसत), ते काकांना वाचून दाखवलं. सोमवारी तपासणी. साहित्य वापरात दिसलं पाहिजे. वापरात नसेल ते उचलून दुसऱ्या शाळेला देण्यात येईल.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो बाई, मी एक ओरखडा येऊ दिला नाही!"

"तेच तर झालंय ना, काका!" मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. "काहीही करा, पण ते जुनं दिसू द्या."

काका सँडपेपर घेऊन भांडारात बसले. ट्रम्पेट मांडीवर घेतला, पण हात काही पुढे जाईना. पोटच्या पोरीच्या गालावर कोणी सँडपेपर फिरवतं का? शेवटी घरी जाऊन काकूंपुढे रडगाणं सुरू केलं. काकू धुणं वाळत घालत होत्या.

"अहो, झिजवायचंच आहे ना? मग पोरांच्या हाती द्या की," काकू म्हणाल्या. "आणि इतकी वर्षं माझ्या चादरी त्या भोंग्यांना पांघरताय, त्या परत आणा."

दुसऱ्या दिवशी भांडार उघडलं. काय सांगू तुम्हाला! इतक्या वर्षांची कोंडलेली हौस एकदम बाहेर पडली. शेजारच्या दवाखान्यातले डॉक्टर गळ्यात स्टेथोस्कोप घेऊनच भांडायला आले. संगीताच्या बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते आनंदाने की आवाजाने, कळायला मार्ग नव्हता. काका मात्र कोपऱ्यात, डोळे घट्ट मिटून, कानांत बोटं घालून उभे. रोज तसेच उभे.

शुक्रवारी व्हायचं तेच झालं. पाचवीत एक पोर होती, इतकी हडकुळी की सगळे तिला काडीपहिलवान म्हणत. तिने ड्रमवर अशी काठी हाणली, की वरचा पडदा टर्रकन फाटला. काठी आत! सगळा बँड थांबला आणि पोर रडकुंडीला आली. काका ओरडले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी ड्रम गुपचूप चादरीत गुंडाळला, शाळा सुटल्यावर सायकलला बांधला आणि घरी नेऊन पलंगाखाली सारला. फाटकी वस्तू ऑडिटरला दिसली तर पगारातून कापतील, नोकरीवर गदा येईल, या धास्तीने त्यांची पाचावर धारण बसली होती.

आणि खरा घोळ तर पुढेच आहे. सोमवारी काका लवकर आले. पाहुणे यायचे म्हणून घर आवरावं, तसं त्यांनी सवयीने फडकं काढलं. ट्रम्पेटवरचे बोटांचे ठसे, ड्रमवरचे डाग, पोरांची थुंकी, सगळं घासूनपुसून लख्ख! आठवडाभराची मेहनत अर्ध्या तासात साफ. काम झालं म्हणून मागे सरले, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. "अरे बापरे!" म्हणून काका मटकन खाली बसले, तोच मोठ्या बाई ऑडिटरला घेऊन दारात हजर.

ऑडिटर म्हणजे आखूड केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी ट्रम्पेट उचलला, त्यात चेहरा पाहिला, केस सारखे केले आणि ट्रम्पेट ठेवून दिला.

"हे वापरात नाही."

"आहे हो, मॅडम!" मोठ्या बाई कळवळल्या. "पोरांनी नुसता उच्छाद मांडलाय. शेजारच्या डॉक्टरांना विचारा!"

"डॉक्टरांना विचारणं माझ्या कामात बसत नाही." मॅडम मोजत पुढे गेल्या. "आणि एक ड्रम कमी आहे."

दुरुस्तीला दिलाय, असं काका म्हणू शकले असते. तोंड उघडलंही त्यांनी. पण वस्तू जागेवर पाहिजे, असं जन्मभर दुसऱ्यांना सुनावलेल्या माणसाला थाप काही जमेना.

"माझ्या घरी आहे," ते म्हणाले. "पलंगाखाली."

मोठ्या बाईंनी खुर्ची शोधली.

"फाटलाय, मॅडम. मी घाबरलो आणि लपवला. काय कापायचं ते माझ्या पगारातून कापा. पण त्या पोरीला काही बोलू नका. वाजवायलाच दिला होता, तिने वाजवला."

"आणा," मॅडम म्हणाल्या.

काका सायकल हाणत गेले आणि घामाघूम होऊन ड्रम घेऊन आले. मॅडमनी चादर काढली आणि भोकात हात घातला. पार कोपरापर्यंत गेला. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं.

"कधी फाटला?"

मॅडमच्या पाठीमागून मोठ्या बाई दोन बोटं नाचवत होत्या. दोन वर्षं, काका, दोन वर्षं!

"शुक्रवारी," काका म्हणाले. मोठ्या बाईंनी तीच दोन बोटं डोळ्यांवर दाबली.

मॅडमनी पेन काढलं. "वापरात आहे का, एवढंच मला विचारलंय. कधीपासून, ते नाही विचारलेलं." त्यांनी यादीवर खूण केली. "सामान इथेच राहू दे. पडदा बदलून घ्या, त्याचे पैसे अनुदानात धरलेले असतात. आणि पुढच्या वर्षी येईन, तेव्हा आणखी एकदोन फाटलेले दिसू देत."

काकांचा जीव भांड्यात पडला. मॅडम निघाल्या, पण दाराशी थबकून त्यांनी सहज विचारलं, "आवाज कसा होता हो या ड्रमचा?"

काकांनी फाटक्या ड्रमवरून हात फिरवला. इतकी वर्षं पुसला, चादर पांघरवली. आणि वाजला तेव्हा यांची कानांत बोटं! त्यांना इतकं वाईट वाटलं, की डोळे भरून आले.

"माहीत नाही हो, मॅडम," ते म्हणाले.

बाहेर काडीपहिलवान भिंतीला चिकटून उभी होती, आपल्याला काय शिक्षा होते ते ऐकायला आलेली. काकांनी दुसरा ड्रम उचलला, तिच्यापुढे ठेवला आणि काठ्या पुढे केल्या. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"हळू वाजवीन, काका," ती कशीबशी म्हणाली.

"हळू कशाला?" काका तिथेच जमिनीवर मांडी घालून बसले. "हाण चांगला. मला ऐकायचाय."