भुसा भरलेल्या डोक्याची तक्रार

मी एक जुनं डोकं आहे. जाड कॅनव्हासचं, आत लाकडाचा भुसा ठासून भरलेलं. हसलात ना? हसा, मित्रांनो. एखाद्याला साधी गोष्ट कळली नाही की तुम्हीच म्हणता, 'डोक्यात भुसा भरलाय का?' माझ्या डोक्यात खरोखरच भरलाय. तरीही मला जे दिसतं ते आमच्या दुकानातल्या दोन शहाण्या बहिणींना दिसत नाही, आता बोला!

एका गादीवाल्याने मला शिवलं आणि या बहिणींच्या वडिलांनी मला दुकानात आणलं. ते केसांचे टोप बनवायचे. तुम्ही त्याला विग म्हणता. माझ्यावर आधी एक कापड ताणून बसवायचं, टाचण्या टोचायच्या आणि मग बारीक आकडीने दोन-दोन, तीन-तीन केस त्यात गाठत जायचं. ज्यावर केस गाठतात त्याला आम्ही तळ म्हणतो. सगळी मेख या तळात असते. लोक मात्र केसांकडे बघतात आणि 'वा वा' करून निघून जातात. माझ्या टाचण्यांचं कुणाला काय!

वडील गेले आणि दुकान दोघी लेकींकडे आलं. तेव्हापासून माझ्या कानांना विश्रांती नाही. थोरली म्हणते, तळ हवा तो जाळीचाच. इतकी तलम जाळी, की भांगातून खालची कातडी दिसावी! पण ती कडेने डिंकाने चिकटवावी लागते आणि जरा ओढली की फाटते. धाकटी म्हणते, प्लास्टिकचा पातळ पापुद्रा घ्या. फाटत नाही, पुसला की स्वच्छ. पण त्यातून वारा म्हणून जात नाही. वडील बहुतेकदा मऊ सुती विणीचा तळ घ्यायचे. तो जाडसर दिसतो म्हणून दोघींनी कपाटात कोंबून ठेवलेला. वडिलांची एक रीत होती. गिऱ्हाइकाच्या उघड्या डोक्यावर आधी तळहात ठेवायचा, कातडी कशी आहे ते बघायचं, मगच तळ ठरवायचा. ती रीत मात्र दोघी पाळायच्या. एवढं एक बरं होतं.

आणि नेमकी ती एका मुलीच्या वेळी मोडली.

ती आली बाबांचं बोट धरून. चौथी-पाचवीतली असेल. चाई पडून डोक्यावरचे सगळे केस गेले होते. स्कार्फ इतका घट्ट बांधलेला, की भुवया वर ओढल्या गेल्या होत्या. तिने शाळा सोडली होती. टोप झाला की जाईन, एवढंच तिने कबूल केलं होतं. थोरलीने स्कार्फला हात लावताच पोरीने तो दोन्ही हातांनी धरला.

"राहू दे, बाळा. नको काढूस," थोरली म्हणाली आणि स्कार्फवरूनच माप घेतलं. स्कार्फवरून! अहो, बुटावरून कुणी पायमोज्याचं माप घेतं का?

"ताई, अगं हात तरी लाव," धाकटी कुजबुजली.

"पोर रडवेली झालीये, दिसत नाही तुला?"

झालं! दयेपुढे शहाणपण चालत नाही. मग तळावरून जुंपली. कातडी दोघींनीही पाहिली नव्हती, पण भांडायला काय जातंय? थोरलीची जाळी जिंकली. स्कार्फच्या मापाला पुरावं म्हणून मला चिंध्या गुंडाळून फुगवलं. टोप तयार झाला तेव्हा शेजारपाजारचे बघून गेले. "हुबेहूब हो!" म्हणाले. माझ्यावर हुबेहूबच दिसणार! मला घाम येत नाही, खाज सुटत नाही. माझ्यावर पोतं टाकलंत तरी शोभेल. मी आतल्या आत ओरडत होतो, पण भुशाचं ऐकतो कोण?

टोप घालून बघायचा दिवस आला. पोरीला संकोच नको म्हणून थोरलीने कडेला डिंक लावून टोप पडद्याआड सरकवला आणि तोंड फिरवून म्हणाली, "तूच घाल हं, आम्ही बघत नाही." पोरगी बाहेर आली. क्षणभर खरंच छान दिसली. मग खाली वाकली तर टोप कपाळावर घसरला आणि ती किंचाळली, "जळतंय! कानामागे जळतंय!" तिने टोप ओरबाडून काढला आणि माझ्या अंगावर भिरकावला.

"चला बाबा. यांनाही माझी किळस येते."

"किळस?" थोरली पुढे झाली. "अगं, कोण म्हणालं असं?"

"मग हात का नाही लावलात? केस होते तेव्हा सगळे डोक्यावरून हात फिरवायचे. आता कुणीच नाही. बाबासुद्धा नाही."

बाबांना वाटत होतं, हात लावला तर तिला दुखेल, आठवण होईल. थोरलीला वाटत होतं, तिला लाज वाटेल. सगळ्यांना सगळं वाटत होतं. विचारलं एकानेही नव्हतं. इतका संताप आला मला, की टाचण्या उपसून एकेकाला टोचाव्यात!

थोरली तिच्यासमोर जमिनीवर बसली. "लावू हात?" पोरीने स्वतःच मान पुढे केली. थोरलीने तळहात ठेवला आणि हळूहळू फिरवला. "स्कार्फने कानामागे सोलवटलंय गं. डिंक झोंबणारच. चुकलंच माझं. दिवसभर काय करतेस तू?"

"उलटी लटकते. गजाला."

"माकड आहे नुसतं," बाबा म्हणाले. मग त्यांनीही हात पुढे केला.

कपाटातला मऊ सुती तळ निघाला. जाळीची पट्टी फक्त कपाळापाशी, डिंक अजिबात नाही, आणि उलटं लटकलं तरी घसरू नये म्हणून सोललेल्या जागेला टाळून मऊ इलॅस्टिक. उघड्या डोक्याचं माप घेतलं आणि माझ्या चिंध्या सुटल्या. धाकटीच्या पापुद्र्याला कुणी विचारलं नाही म्हणून ती फुगून बसली, ती वेगळीच कटकट.

पोरगी शाळेत जाऊ लागली. परवा दप्तरासकट दुकानात शिरली, सोबत एक मैत्रीण. टोप उतरवून तिने माझ्यावर ठेवला. "मावशी, गरम होतंय." आणि उघड्या डोक्याने दोघी बाहेर पळाल्या, समोरच्या बागेतल्या आडव्या गजाला उलट्या लटकल्या. थोरली दारात उभी राहून डोळे पुसत हसत होती. आणि मी? एवढा खटाटोप, एवढ्या टाचण्या, आणि टोप पुन्हा माझ्याच डोक्यावर!

मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या घरात असं कुणी असेल. मायेने का होईना, तोंड फिरवू नका. लांब उभं राहून हळहळू नका. जवळ जा आणि विचारा. नको म्हटलं तर नको. पण विचारा तरी, बाबांनो!